फी माफ, पण राहायचं कुठं?

२०२४ चा जुलै. आमच्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या स्टाफरूमबाहेर नेहमीसारखी पालकांची ये-जा चालू होती. त्यांत पाटण तालुक्यातल्या डोंगरकपारीच्या एका गावातले एक गृहस्थ होते. दोन एकर जमीन, भात आणि नाचणी. मुलगी आमच्याकडे बारावी झालेली, पुण्यात इंजिनिअरिंगच्या यादीत नाव लागलेलं. शासन निर्णय नुकताच, ८ जुलैला निघाला होता: कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर व्यावसायिक अभ्यासक्रमाला जाणाऱ्या मुलींची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ. मी आनंदानं त्यांना म्हटलं, "दादा, फीची काळजी सोडा आता." त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "फी माफ झाली ते कळलं सर. पण पोरीनं ऱ्हायचं कुठं?"

त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून तो प्रश्न डोक्यातून गेलेला नाही, म्हणून हे लिहितो आहे.

शिक्षण आणि वर्ग यांच्याबद्दल आपण बोलतो तेव्हा फी, मार्क, आरक्षण, इंग्रजी माध्यम एवढ्याभोवतीच बोलणं फिरतं. वीस-पंचवीस वर्षं शिकवल्यावर माझं मत असं झालं आहे की गरिबाच्या मुलाला अडवणारी मोठी भिंत ताटाची आणि अंथरुणाची आहे. दोन वेळचं जेवण, रात्री पाठ टेकायला जागा, वाचायला उजेड. एवढं असेल तर मूल बाकीचं पुष्कळसं आपलं आपण निभावतं. हे नसेल तर माफ झालेली फी कागदावर राहते. महाराष्ट्राला ही गोष्ट एकेकाळी फार चांगली कळली होती. त्या कळण्यातून वसतिगृहं उभी राहिली. आज सरकार वसतिगृह चालवण्याच्या कामातून हळूहळू अंग काढून घेत आहे आणि त्याऐवजी विद्यार्थ्याच्या खात्यात पैसे टाकत आहे. हा बदल मला चुकीचा वाटतो.

थोडं मागे जाऊ. एकोणिसाव्या शतकातल्या पुण्यात कोकणातून, देशावरून ब्राह्मणाची गरीब मुलं शिकायला यायची. खिशात दमडी नसायची. तरी ती शिकायची, कारण त्यांना वार लावता यायचे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, अशी सात घरं धरली की आठवडा निघायचा. तेही जमलं नाही तर माधुकरी होती. त्या जेवणात अपमान होते, कुजकं बोलणं होतं, थंड झालेला भात होता. त्या पोरांचे हाल मी कमी लेखत नाही. पण ती व्यवस्था होती. जात आपल्या गरीब मुलाला शहरात जेवू घालत होती.

आता त्याच पुण्यात त्याच वर्षी कुणब्याचा, माळ्याचा किंवा महाराचा मुलगा शिकायला आला असता तर? त्यानं वार कुठं लावायचे? ज्या घरांत वाराचं ताट वाढलं जायचं, त्या घरांच्या स्वयंपाकघराकडे त्याला फिरकता येत नव्हतं. त्याच्या जातीचे जे कुणी शहरात होते, ते स्वतःच पोटाच्या मागे धावणारे. पुढे शंभर वर्षं आपण सांगत राहिलो की अमुक समाजात विद्येची परंपरा होती आणि तमुक समाजाला शिक्षणाची गोडी नव्हती. त्या स्पष्टीकरणात ताटाचा हिशेबच नाही.

हा हिशेब जोतीराव फुल्यांनी मांडला. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो, आणि तो खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, ही एक. दुसरी मला जास्त महत्त्वाची वाटते. गरिबाची मुलं शाळेत का येत नाहीत, तर ती गुरांमागे आणि शेतावर लागतात. म्हणून त्यांना शाळेकडे ओढायला शिष्यवृत्त्या आणि बक्षिसं द्या, असं त्यांनी सुचवलं. बारा वर्षांपर्यंत सक्तीचं प्राथमिक शिक्षण मागणारा माणूस त्याच दमात पोटाची गोष्टही बोलत होता. शाळेचं दार उघडून भागणार नाही, मूल दारापर्यंत पोचायला घरात काहीतरी भरून द्यावं लागेल, हे त्यांनी ओळखलं होतं.

शाहू महाराजांनी ते कोल्हापुरात करून दाखवलं. शाहूंचं नाव निघालं की १९०२ सालचं पन्नास टक्के आरक्षण आणि १९१७ सालचं सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण यांची आठवण निघते. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड होता, हेही सांगितलं जातं. पण या दोन्हींच्या आधी, १९०१ मध्ये, व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभं राहिलं होतं. आधी माणसाला राहायला जागा, मग नोकरीत राखीव जागा, असा तो क्रम आहे. तो मला योगायोग वाटत नाही. खेड्यातला मुलगा कोल्हापुरात टिकलाच नाही तर राखीव जागेवर बसणार कोण?

सुरुवातीला राजाराम कॉलेजच्या वसतिगृहात सगळ्यांना एकत्र ठेवायचा प्रयत्न झाला होता. तिथे ब्राह्मणेतर मुलं टिकेनात. मग महाराजांनी एकेका समाजाच्या पुढाऱ्यांना हाताशी धरलं, जागा दिल्या, उत्पन्नं लावून दिली. मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम, शिंपी, सोनार, सारस्वत अशी बोर्डिंगं निघाली. १९०८ साली अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झालं. आजही दसरा चौकात महाराजांच्या पुतळ्यापाशी उभं राहिलं तर मुस्लिम बोर्डिंग आणि जैन बोर्डिंग हाकेच्या अंतरावर आहेत. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात ते उगीच नाही.

याच जैन बोर्डिंगात भाऊराव पाटील नावाचा कुंभोजचा एक मुलगा राहत होता. मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला तो गेला, परत आल्यावर आंघोळ करून आत ये म्हणून सांगितलं, त्यानं नकार दिला आणि बोर्डिंग सोडावं लागलं, अशी हकीकत त्यांच्या चरित्रांत येते. पुढे १९१९ साली कराडजवळच्या काल्याला रयत शिक्षण संस्था स्थापन झाली, १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग सुरू झालं आणि १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस असं नाव मिळालं. भाऊरावांनी शाहूंच्या पुढचं पाऊल टाकलं. महार, मांग, मराठा, जैन, मुसलमान अशी सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसली, त्यांनीच स्वयंपाक केला, त्यांनीच पाणी भरलं. घरोघर मुठीनं धान्य गोळा केलं जाई. ते पुरेनासं झालं तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने काढून दिले, शेवटी मंगळसूत्रही. सातारा जिल्ह्यात ही गोष्ट प्रत्येक शाळेत सांगितली जाते आणि मुलं टाळ्या वाजवतात. टाळ्यांच्या आवाजात एक गोष्ट निसटते: ते मंगळसूत्र गेलं ते मुलांच्या जेवणासाठी. धान्याच्या एका खेपेसाठी.

बाबासाहेबांनीही बहिष्कृत हितकारिणी सभा १९२४ मध्ये काढली आणि लगेच पुढच्या वर्षी सोलापुरात विद्यार्थी वसतिगृह सुरू झालं. सभेचं पहिलं ठळक काम म्हणजे वसतिगृह. पुढची महाविद्यालयं त्यानंतर वीस वर्षांनी आली.

मला याचा अर्थ पुस्तकातून कळला नाही. १९८० च्या दशकात मी तालुक्याच्या गावी अकरावीला आलो तेव्हा पहिलं वर्ष एका वाड्यातल्या खोलीत काढलं. तिघं मिळून भाडं भरायचो आणि डबा गावाहून एसटीनं यायचा. हे ज्यांनी अनुभवलं आहे त्यांना जास्त सांगायला नको. आई पहाटे भाकरी थापायची, कालवण किटलीवजा डब्यात, सगळं फडक्यात गाठ मारून, गाठीला माझ्या नावाची चिठ्ठी. वडील फाट्यावर येऊन डबा ड्रायव्हरच्या मागच्या खणात ठेवायचे. साडेनऊला गाडी स्टँडवर लागायची आणि आम्ही पंधरा-वीस पोरं गाडीच्या तोंडाशी उभी असायचो. त्या एका डब्यात दुपार आणि रात्र. रात्रीपर्यंत भाकरी वातड व्हायची, उन्हाळ्यात कालवणाला वास यायचा. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की गाडी यायचीच नाही. त्या दिवशी तिघांत मिळून दोन पाव आणि चहा. असे दिवस त्या वर्षात बरेच होते. अकरावीला मी गणितात जेमतेम पास झालो.

बारावीला संस्थेच्या वसतिगृहात जागा मिळाली. पत्र्याचं छप्पर, एका खोलीत आठ जण, प्रत्येकाची एक पेटी. आमटी पातळ असायची, भात कधी कच्चा असायचा. पण पहाटे पाचला घंटा व्हायची आणि सगळे उठायचे. संध्याकाळी सात ते नऊ अभ्यासाचा तास, कुणी बोलायचं नाही. आणि महत्त्वाचं म्हणजे खोलीत एक थोरला मुलगा होता, बी.एस्सी.ला शिकणारा. त्यानं मला शिष्यवृत्तीचा फॉर्म म्हणजे काय ते सांगितलं. कुठला दाखला तलाठ्याकडून, कुठला तहसीलमधून, शेवटची तारीख कधी. इंग्रजीचा उच्चार चुकला तर तो हसायचा नाही, पुन्हा म्हणून दाखवायचा. माझ्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. ज्यांच्या घरात आजोबा शिकलेले असतात त्यांना ही माहिती जेवताना, गप्पा मारताना आपोआप मिळत असते. मला ती त्या पत्र्याखाली मिळाली. पुढची सगळी वाट त्या एका वर्षातून निघाली आहे.

आता आजचं पाहू. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना आहे, इतर मागासवर्गीयांसाठी पुढे ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आली. या योजना मुळात वाईट नाहीत. जागाच नाही तर हातात काहीतरी असावं, हे बरोबर आहे. पण रकमेची फोड बघा. स्वाधार सुरू झाली तेव्हा मुंबई-पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६० हजार रुपये ठरले: भोजनासाठी ३२ हजार, निवासासाठी २० हजार, निर्वाहासाठी ८ हजार. निवासाचे २० हजार दहा महिन्यांवर वाटले तर महिन्याला दोन हजार होतात. पुण्यात पेठांमध्ये कॉट बेसिसवर जागा शोधून बघा. दहा बाय दहाच्या खोलीत चार कॉट, भिंतीला एक खिळा, आणि त्या कॉटचे तीन हजार कमीच म्हणायचे. वर डिपॉझिट. मेस वेगळी, अभ्यासिका वेगळी, कारण खोलीत बसून वाचता येत नाही. वसतिगृहात एका छताखाली मिळणाऱ्या तीन गोष्टी बाजारात तीन दुकानांतून विकत घ्याव्या लागतात.

आणि पैसे येतात केव्हा? कॉटवाला आगाऊ मागतो, मेसवाला महिन्याच्या पहिल्या तारखेला मागतो. योजनेचा हप्ता येईतो वर्ष सरत आल्याचं मी मुलांकडून ऐकत आलो आहे. माझा एक विद्यार्थी, ऊसतोड मजुराचा मुलगा, पुण्यात दुसऱ्या वर्षाला असताना एकदा फोनवर म्हणाला, "सर, मी रात्रीची मेस बंद केली. सकाळचं जरा उशिरा जेवतो, म्हणजे चालून जातं." तो हे तक्रार म्हणून सांगत नव्हता, जमवलेली युक्ती म्हणून सांगत होता. ज्या मुलाला उशिरा जेवून रात्र ढकलायची युक्ती शोधावी लागते, त्याच्या मार्कांची तुलना आपण त्याच परीक्षेत घरच्या ताटावर जेवणाऱ्या मुलाशी करतो आणि त्याला गुणवत्ता म्हणतो.

आदिवासी विकास विभागानं तर २०१८ मध्ये चालू वसतिगृहांतल्या खानावळी बंद करून जेवणाचे पैसे खात्यात द्यायचं ठरवलं. मुलांनी ते मान्य केलं नाही. त्या जुलैत आदिवासी विद्यार्थी पुण्याहून नाशिकच्या आदिवासी आयुक्तालयाकडे पायी निघाले आणि सिन्नर तालुक्यात पोलिसांनी त्यांना अडवलं. खात्यात रोख नको, ताटात जेवण द्या, एवढंच मागायला अठरा-वीस वर्षांची मुलं भर पावसाळ्यात चालत निघाली होती. पैशाची गरज त्यांना आपल्यापेक्षा जास्त. तरी ती जेवण मागत होती, याचा विचार व्हायला हवा होता. घरी अडचण आली की खात्यातले जेवणाचे पैसे मूल घरी पाठवतं, हे त्यांना माहीत होतं. आजारी आईच्या औषधापुढे स्वतःची मेस कोण मोठी धरील? वाढलेलं ताट मात्र गावी पाठवता येत नाही.

यावर मला नेहमी सांगितलं जातं की सरकारी वसतिगृहांची अवस्था बघा. बघितली आहे. गळकी छपरं, तुंबलेले संडास, ठेकेदाराची डाळ, आठवड्यातून दोनदा दिसणारे गृहपाल. मुलींच्या वसतिगृहात सुरक्षेचे प्रश्न आहेत आणि ते जिवावर बेतणारे आहेत. हे सगळं खरं आहे. पण वाईट वसतिगृहाविरुद्ध शंभर मुलं ताटं घेऊन रस्त्यावर बसू शकतात, बातमी होते, अधिकाऱ्याला यावं लागतं. कॉटवर एकटं राहणारं मूल उपाशी राहिलं तर त्याची कुणाला खबरही लागत नाही. तो आणि त्याचं अर्जाचं पोर्टल, एवढंच. जी व्यवस्था खराब आहे ती दुरुस्त करायची असते. शाळा खराब आहे म्हणून आपण पालकांना पैसे देऊन शाळा बंद करा म्हणत नाही (निदान अजून उघडपणे म्हणत नाही).

रोख रकमेमुळे विद्यार्थ्याला निवडीचं स्वातंत्र्य मिळतं, हा दुसरा मुद्दा. ज्याच्यापुढे दोन पर्याय असतात त्याला निवड असते. पाटणच्या त्या बापाला पुण्यात ओळखीचं एकही घर नव्हतं. मुलीच्या खात्यात पैसे आले असते तरी त्यानं तिला अनोळखी गल्लीतल्या खोलीत ठेवलं नसतं, आणि त्याबद्दल मी त्याला दोष देणार नाही. त्याला फाटक हवं होतं, रखवालदार हवा होता, रात्री फोन केला तर उचलणारी एक जबाबदार बाई हवी होती. पालक मुलीला शिकवत नाहीत असं आपण सहज म्हणून जातो. किती पालकांना वसतिगृहाचं फाटक दाखवून मग विचारलं होतं?

एका प्रश्नावर माझंच मन अजून पुरतं ठरलेलं नाही. आज समाजकल्याणचं वसतिगृह वेगळं, आदिवासी विभागाचं वेगळं, इतर मागास बहुजन कल्याण विभागानं प्रत्येक जिल्ह्यात मुलांचं एक आणि मुलींचं एक अशी ७२ वसतिगृहं ठरवली तीही वेगळी. म्हणजे सव्वाशे वर्षांनी आपण पुन्हा शाहूंच्या पहिल्या पायरीवर आहोत. त्यांना ती पायरी नाइलाजानं घ्यावी लागली होती. आपला नाइलाज कोणता? मला मनापासून वाटतं की नवी वसतिगृहं साताऱ्याच्या बोर्डिंगसारखी असावीत, सगळ्यांची एक पंगत. पुण्यात विद्यार्थी साहाय्यक समितीनं १९५५ पासून जात न विचारता खेड्यातल्या गरजू मुला-मुलींना असंच ठेवलं आहे, कामं वाटून घ्यायला लावली आहेत, आणि ते चाललं आहे. पण माझा एक सहकारी, जो स्वतः समाजकल्याणच्या वसतिगृहात वाढला, मला म्हणतो, "तुझी पंगत छान आहे. पण मला त्या वसतिगृहात पहिल्यांदा कुणाच्या नजरेची भीती न बाळगता जेवता आलं." त्याच्या या बोलण्यापुढे मला उत्तर सुचत नाही. म्हणून आहेत ती वसतिगृहं मोडू नयेत, त्यांतली एकही जागा कमी करू नये. नवी बांधताना मात्र या तिन्ही खात्यांनी पैसे एकत्र करून मोठी, नीट चालवलेली, एका स्वयंपाकघराची वसतिगृहं बांधावीत. प्रवर्गाचा राखीव वाटा तसाच ठेवून उरलेली निवड गावापासूनचं अंतर आणि घरचं उत्पन्न बघून करावी. ज्या महाविद्यालयाला सरकार नवी तुकडी देतं, त्याला खाटांची संख्या विचारावी. बांधकामाइतकाच पगारी गृहपाल, ग्रंथालय आणि वर्षाचा स्वयंपाकाचा खर्च अंदाजपत्रकात धरावा, कारण इमारत बांधून कुलूप लावून ठेवलेली मी पाहिली आहे.

जागा नाही, असं शहरात सांगतात. शहरात मॉलला जागा मिळते.

पाटणची ती मुलगी पुण्याला गेली नाही. यादीतली तिची जागा पुढच्या फेरीत दुसऱ्या कुणाला तरी गेली. तिनं तालुक्याच्या गावी बी.एस्सी.ला नाव घातलं, कारण तिथं रोज अप-डाऊन करता येतं. गावातून पहिली एसटी पहाटे पावणेसहाला निघते. परतीची संध्याकाळी सहाची. मध्यंतरी ती मला स्टँडवर भेटली. मांडीवर पुस्तक उघडं होतं, गाडी लागायला अजून पाऊण तास होता. मी विचारलं, "अभ्यास कधी करतेस गं?" ती म्हणाली, "हाच वेळ मिळतो, सर. गाडीत उजेड नसतो."